भाजीचं खाणंपिणं

नवी मुंबईतल्या करावे गावात पालेभाजीला मान असतो तो सोमवार-गुरुवारी. एरवी खाडी शेजारी असताना मेथीला कोण विचारतो? १९७० साली सिडको आली, पुढे शेतं गेली आणि पाम बीच रस्त्याकडेला टॉवर उभे राहिले. आता पालेभाजीही मजल्यांवर राहते. एकावर एक पाइप, त्यांतून वाहतं पाणी आणि त्यात पाय सोडून बसलेला पालक. मातीचा कण नाही. त्यामुळे भाजी निवडायला परात, पंखा आणि शेजारीण, काहीच लागत नाही. भाजी स्वच्छ होते. गावच्या बातम्या मात्र कळायच्या राहतात.

मातीतल्या भाजीत काही कमी पडलं तर मातीला बोल लावता येई. इथे तुम्ही पाण्यात घालाल तेच झाड पिणार. म्हणून संशोधकांनी ठरवलं, झाडाला पाजतोच आहोत, तर खाणाऱ्याच्या वाट्याचंही त्यातच घालावं: लोह, जस्त, आयोडीन.

पण झाडाचे नखरे जावयासारखे. लोह नुसतं पाण्यात टाकलं की गंजून तळाशी बसतं. मग त्याला कीलेटच्या चिमट्यात धरून ठेवायचं आणि पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या आत राखायचा. एवढं करूनही लोह किती घ्यायचं ते मुळंच ठरवतात. जस्त जास्त झालं, तर पानं पिवळी पडतात. आयोडीनची झाडाला फारशी गरज नसते, तरी ते पाण्याबरोबर चढून पानांत साठतं. म्हणून फळापेक्षा पालेभाजीत ते भरणं सोपं. बाजरीला असं पाजत बसावं लागत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत काढलेल्या, २०१२ साली आलेल्या ‘धनशक्ती’च्या वाणातच जादा लोह आहे.

करावेच्या चुलींना मात्र हे सगळं ऐकून नवल वाटू नये. लाल माठात मूठभर सुका जवळा टाकणारी आजी दुसरं काय करत होती? मासळीच्या संगतीत भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं, हे आता आहारशास्त्रही सांगतं. जवळ्यातून थोडं आयोडीन येई ते वेगळंच. वरून लिंबू पिळलं की लोह शोषायला आणखी मदत. शास्त्रज्ञ मुळापासून सुरुवात करतात, आजी फोडणीपासून करायची. तिच्या पद्धतीला वीज लागत नव्हती, पण सोमवारी ती बंद असे. त्या दिवसापुरती तरी पाइपातली भाजी उपयोगाची.

शेवटी अडतं ते आपल्यापाशी. पालक आपल्यातल्या लोहाला सहजासहजी सुटू देत नाही, आणि त्यातून जे सुटतं त्याला चहा आडवा येतो. भाजीचं खाणंपिणं मिलिग्रॅमवर सांभाळता येईल. पण हात धुता धुता “चहा टाक गं” म्हणणाऱ्याचा सामू कोण राखणार?