डेटवाले भाऊसाहेब

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात सकाळी फिरून आलेल्या पेन्शनरांचा एक कट्टा भरतो. तिथं ‘पोरगा कुठं असते?’ असं आता कुणी विचारत नाही. ‘डेट कोणती?’ एवढंच विचारतात. डेट म्हणजे प्रायॉरिटी डेट. अमेरिकेतल्या कंपनीनं पोराच्या ग्रीन कार्डाचा पहिला कागद तिथल्या कामगार खात्यात दाखल केला, तो दिवस. पोराची जन्मतारीख विसरलेले बाप मी पाहिलेत; ही तारीख विसरलेला एकही पाहिला नाही. कट्ट्याला ही भाषा शिकवली ती भाऊसाहेबांनी.

भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी लोकांना ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगितलं. आता थोरल्या पोरापायी अमेरिकेचं सरकार त्यांना तेच सांगतं आणि त्यांना त्याचा जराही राग येत नाही. उलट, आपल्याहून वरचढ कचेरी भेटली, असा एक आदरच त्यांच्या बोलण्यात असतो. “पाहा ना बाप्पा, नाही म्हनतच नाहीत ते. नंबर आहे, म्हन्तात. नाही म्हटलं की मानूस अपिलात जाते. नंबर आहे म्हटलं की बसून राह्यते.” हे सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या शिष्यानं गुरूचं नाव घ्यावं तसा होतो.

थोरल्याची डेट २० नोव्हेंबर २०१४. नोकरीच्या ग्रीन कार्डाचा वर्ग ईबी-२. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं आणि कोणत्या वर्गात, कोणत्या देशाची कुठवरची तारीख चालू आहे ते त्यात छापतं. ते निघण्याचा दिवस ठरलेला नाही, म्हणून भाऊसाहेब आठ तारखेपासूनच मोबाइल घेऊन बसतात. बुलेटिन निघालं की आधी देवापुढं दिवा, मग नोंद. नोंदीसाठी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आहे. रकाने त्यांनी स्वतः आखलेत: महिना, मागील तारीख, चालू तारीख, फरक, शेरा. तारीख सरकली तर निळी शाई. जागेवर राहिली तर शेऱ्यात ‘जैसे थे’. मागे गेली तर लाल शाई आणि शेरा, ‘तारीख मागे घेतली. कारण नमूद नाही.’

कारण त्यांना पाठ आहे, ही गोष्ट वेगळी. नोकरीच्या मार्गानं वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायकापोरं धरून. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. “आइसलंडले सात टक्के अन् आपल्यालेबी सात टक्के,” भाऊसाहेब सांगतात. “आइसलंडात चार लाख मानसं नाहीत. आपल्या अमरावती शहरात २०११ च्या जनगणनेत सहा लाख सत्तेचाळीस हजार होते.” यावर कट्टा हळहळतो. मग कुणीतरी म्हणतं, आइसलंडचे लोक जात असतील का हो अमेरिकेत? भाऊसाहेब म्हणतात, “नसतील जात. पन त्याईची रांग रिकामी आहे ना!”

चर्चा फार तापली की ते २००७ चं प्रकरण काढतात. त्या वर्षी जुलैच्या बुलेटिनात अमेरिकेनं जवळजवळ सगळ्यांच्याच तारखा खुल्या केल्या आणि २ जुलैला, लोकांचे कागद वाटेत असतानाच, ते सगळं मागे घेतलं. तिथल्या आपल्या पोरांनी मग ‘लगे रहो मुन्नाभाई’ची गांधीगिरी आठवून इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकड्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले. साहेबानं ते जखमी सैनिकांच्या इस्पितळात पोचते केले. पुढं १७ जुलैला खातं नमलं आणि अर्ज घेतले गेले. मोर्च्याची निवेदनं आयुष्यभर स्वीकारलेल्या या माणसाला त्यात एकच गोष्ट खटकते: “फुलांची पोच दिली नाही त्याईनं. आवक रजिस्टरले नोंद पायजे होती.”

अकोल्याचे व्याही म्हणजे लेकीचे सासरे. जठारपेठेत राहतात. त्यांना रांगेची आवड नाही, नशिबाची आहे. एका उन्हाळ्यात ते पेढे घेऊन अमरावतीला आले. अकोल्याच्या मे महिन्यात पेढ्याचा गोळा होतो, तरी आणले. अमेरिकेची ग्रीन कार्ड लॉटरी लागल्याचा ईमेल त्यांना आला होता. काही डॉलर भरायचे बाकी होते.

“फॉर्म कवा भरला होता?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“भरलाच नव्हता,” व्याही म्हणाले. “न भरता लागली, हेच तं नशीब!”

भाऊसाहेबांनी पेढा खाली ठेवला. असली लॉटरी खरोखर आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानं ती आली. वर्षाला ५५,००० व्हिसांची तरतूद. पण ज्या देशातून गेल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त लोक तिकडे स्थायिक झाले, तो देश लॉटरीतून बाद. भारत म्हणूनच बाद. शिवाय नंबर लागल्याचं ईमेलनं कळवतच नाहीत. अर्जदारानं सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपला आपण पाहायचा असतो. हे सगळं भाऊसाहेबांना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी चौकशी लावली.

“जन्म कुठचा तुमचा?”

“मूर्तिजापूरचा.”

“तिथंच अडलं मंग. पासपोर्ट कोनता, हे नाही पाहत ते. जन्म कोन्या देशात, हे पाह्यतात. मूर्तिजापूर नेपाळात असतं तं जमलं असतं.”

व्याही उरलेले पेढे घेऊन परत गेले. त्यांचे पैसे वाचले, हे ते आजही मान्य करत नाहीत. भाऊसाहेबांनी आपलं नशीब अडवलं, असं ते अकोल्यात सांगत असतात.

गावातल्या लोकांना मात्र भाऊसाहेबांचा मोठा आधार आहे. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत असली की अंबा एक्स्प्रेसनं निघण्याआधी माणूस त्यांच्याकडे फाइल तपासून घेतो. फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागं पांढरा पडदा, चष्मा काढून. स्टुडिओवाल्यानं सवयीनं निळा पडदा लावला की भाऊसाहेब तो फोटो परत करतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुलाखतीची तारीख दोन वर्षांहून लांबची मिळत होती, तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका बाईंना ते म्हणाले होते, “बारशाले नाही पोचत तुम्ही, शाळेत टाकाले जाजा.” स्वतः ते अमेरिकेला एकदाच गेले आणि लवकर कंटाळले. तिथं कुणाच्या घरी कागद नसतात, अशी त्यांची तक्रार.

आता २०२२ चं सांगायलाच हवं. कट्ट्यावर ते कुणी काढत नाही. त्या जुलैच्या बुलेटिनात भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ झाली. म्हणजे थोरल्याचा नंबर लागला. खिडकी सप्टेंबरअखेरपर्यंत उघडी होती. तिकडचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. पोराला फक्त जन्माचा दाखला पाठवायचा होता. दाखला आजोळच्या गावचा, १९८५ चा, आणि त्यात बाळाचं नावच नव्हतं. त्या काळच्या कितीतरी दाखल्यांत नसतं. अशा वेळी शाळेची टी.सी. आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडून काम भागतं. हे मला भाऊसाहेबांनीच शिकवलेलं. शेजारच्या दोन पोरांचं त्यांनी तसंच करून दिलं होतं, एका दुपारीत.

स्वतःच्या पोराचं मात्र त्यांना तसं करवेना. अव्वल कारकुनाचा मुलगा आणि प्रतिज्ञापत्रावर? त्यांनी नाव चढवायला अर्ज केला. पहिला दाखला आला, त्यात अमरावतीचं इंग्रजी स्पेलिंग इंग्रजांच्या वेळचं, ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ घातलेलं. पासपोर्टाशी जुळत नाही म्हणून परत. दुसरा आला, त्यात आईच्या नावात ‘बाई’ लागलं होतं. परत. मधल्या वेळात त्यांनी तहसिलातून आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकाची नक्कलही काढून आणली. ती अमेरिकेनं मागितली नव्हती. “असू द्या, फाइल वजनदार दिसते,” म्हणाले. बिनचूक दाखला ऑक्टोबरात हाती आला. तोवर तारीख १ एप्रिल २०१२ वर घसरली होती. डिसेंबरात ८ ऑक्टोबर २०११ झाली. सप्टेंबर २०२५ पर्यंत ती कशीबशी १ जानेवारी २०१३ वर आली.

पोरगा फोनवर काही बोलला नाही. “ठीक आहे बाबा,” म्हणाला आणि पुन्हा तीन वर्षांसाठी नोकरीचा एच-१बी व्हिसा वाढवून घ्यायच्या तयारीला लागला. माझं मत विचाराल तर त्या तीन महिन्यांत अमेरिकेच्या सरकारनं वेळेत काम केलं होतं. उशीर रुक्मिणीनगरात झाला. रजिस्टरात त्या महिन्यांचा शेरा मी एकदा चोरून पाहिला. भाऊसाहेबांनी लिहिलंय, ‘कागदपत्रांअभावी प्रकरण प्रलंबित.’ कोणाच्या कागदपत्रांअभावी, ते नाही. मुरलेला माणूस.

आता नातू कामाला आला आहे. तो २०१७ ला टेक्ससमध्ये जन्मला, म्हणजे जन्मानं अमेरिकन. एकवीस वर्षांचा झाला की आईबापाला तो बोलावू शकतो आणि त्या रांगेला देशाची मर्यादा नाही. म्हणजे २०३८. बापाचा नंबर आधी लागतो की नातवाचं वय आधी भरतं, यावर कट्ट्यात पोहे-जिलबीची पैज आहे. भाऊसाहेबांनी नातवावर लावलीय.

धाकट्याच्या बाबतीत मात्र त्यांनी धडा घेतला आहे. तोही तिकडेच, डॅलसला, आणि लग्नाचा. नवराबायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झालेला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, आणि भारत-चीन सोडून बाकीच्यांची ईबी-२ ची रांग वर्षा-दोन वर्षांत सरकते. हे कळल्यापासून काकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, मुलीची पत्रिका मागतात आणि भाऊसाहेब पत्रिकेतलं फक्त जन्मस्थळ वाचतात. परवा परतवाड्याचं एक सुरेख स्थळ, छत्तीस गुण जुळलेलं, त्यांनी ‘जन्म परतवाडा’ एवढ्यावर नाकारलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या नात्यात मस्कत, कुवेत किंवा बहारीनला जन्मलेली, लग्नाची मुलगी असेल तर रुक्मिणीनगरात कळवावं. मूळ गाव दर्यापूर-अंजनगावकडचं असल्यास उत्तम. पत्रिका नसली तरी चालेल. जन्माचा दाखला मात्र नावासह, मूळ प्रत, आणि पाठवण्याआधी स्पेलिंग घरीच तपासून घ्या. भाऊसाहेबांच्या हाती तपासायला देऊ नका.