मानद डॉक्टरेट वाटणाऱ्या महामहिमांस खुले पत्र

प्रति,
परमआदरणीय, ज्ञानमहर्षी, आंतरराष्ट्रीय कुलगुरू महोदय,
स. न. वि. वि.

आपले कृपापत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पोचले. ‘अभिनंदन! आपल्या अतुलनीय कार्याची दखल घेऊन मानद डॉक्टरेटसाठी आपली निवड झाली आहे,’ हे वाचून ऊर भरून आला. माझे कार्य कोणते ते पत्रात नव्हते. तो रकाना मीच भरून पाठवायचा होता. निवड आधी करून कार्याची चौकशी मागाहून करणारे आपल्यासारखे उदार परीक्षक आम्हा तालुक्याच्या गावातल्या माणसांना एरवी कुठे भेटणार?

सोबतच्या दरपत्रकाबद्दलही आभार. साधी डॉक्टरेट १५,००० रुपये, ‘सेलिब्रिटीच्या हस्ते’ हवी असल्यास २५,०००. गाऊन आणि गोंड्याची टोपी कार्यक्रमापुरती, फोटो झाल्यावर परत करायची. फ्रेमचे पैसे वेगळे. सोबत आणलेल्या एका पाहुण्याचे जेवण मोफत. इतका स्वच्छ व्यवहार बाजारातसुद्धा दिसत नाही, आणि आपण तो विद्येच्या नावाने करता.

आपल्या कामाचा झपाटा पाहून आमच्या खऱ्या विद्यापीठांची कीव येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे एखाद्याला मानद पदवी द्यायची तर व्यवस्थापन परिषदेने शिफारस करायची, अधिसभेत ती दोन-तृतीयांश मतांनी संमत व्हायची आणि कुलपती म्हणजे राज्यपाल, त्यांची संमती लागायची. आपल्याकडे परिषद आपण, अधिसभा आपण, कुलपती आपण आणि खजिनदारही आपणच. त्यामुळे सगळे निर्णय एकमताने होतात आणि क्यूआर कोड स्कॅन झाला की त्याच मिनिटाला अंमलात येतात.

अभ्यास करून डॉक्टरेट मिळवणाऱ्यांचे तर आपल्यापुढे काहीच चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे द्यावी लागतात. त्यात कोर्सवर्क, मग प्रबंध, मग मार्गदर्शकाशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक, मग तोंडी परीक्षा. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत अशी मुले रात्री दिवे मालवेपर्यंत बसलेली असतात. आपण ते सारे दुपारचे जेवण ते संध्याकाळचा चहा एवढ्या वेळात उरकता.

विषयांच्या बाबतीतही आपण जुन्या जगाला मागे टाकले. मानद पदव्यांचे ठरलेले प्रकार मोजकेच. साहित्य, कला, संस्कृती या क्षेत्रांत आयुष्य वेचलेल्याला डी.लिट., कायदा आणि सार्वजनिक कार्यासाठी एल्‌एल.डी., विज्ञानासाठी डी.एस्सी. अशी सर्वसाधारण रीत. आपल्या यादीत ज्योतिष, वास्तू, रिअल इस्टेट, मोटिव्हेशनल स्पीकिंग आणि ‘सर्वांगीण योगदान’ अशा शाखा आहेत. सर्वांगीण योगदानात डॉक्टरेट झालेल्या माणसाला नमस्कार करताना आमचा हात आपोआप खिशाकडे जातो.

इतिहासाचे आपले ज्ञान मोठेच असणार, तरी थोडी उजळणी करतो. अशा पदवीचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण ऑक्सफर्डचे मानले जाते, १४७० च्या दशकाच्या अखेरचे. मानकरी लायोनेल वुडव्हिल. तो इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचा मेव्हणा. म्हणजे सत्तेला खूश करण्याची वाट तेव्हापासूनची आहे आणि खरी विद्यापीठेही त्या वाटेने वारंवार गेली आहेत. आपल्याकडेही मंत्र्यांच्या आणि देणगीदारांच्या गळ्यात पडलेल्या डी.लिट. लोकांनी पाहिल्या आहेत. आपण ते पाप सर्वसामान्यांना परवडेल अशा दरात उपलब्ध करून दिलेत.

पण महोदय, खऱ्या विद्यापीठात कुणीतरी ‘नाही’ म्हणू शकते. जानेवारी १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या अध्यापकांनी मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी नाकारली, ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी. त्या तेव्हा देशाच्या पंतप्रधान होत्या आणि त्याच विद्यापीठात शिकलेल्या होत्या. शिक्षणाच्या खर्चाला त्यांनी लावलेली कात्री अध्यापकांना मान्य नव्हती. एडिंबरा विद्यापीठाने १९८४ मध्ये रॉबर्ट मुगाबे यांना दिलेली पदवी २००७ मध्ये काढून घेतली. अमेरिकेतल्या एमआयटी आणि स्टॅनफर्ड या संस्था तर मानद पदव्या देतच नाहीत. आपल्या दारातून मात्र आजवर कुणी विन्मुख गेल्याचे ऐकिवात नाही.

पाहुणचाराच्या बाबतीत ऑक्सफर्ड आपल्याहून फारच मागासलेले निघाले. रवींद्रनाथ टागोरांना डी.लिट. द्यायची ठरली तेव्हा कवी थकलेले होते. म्हणून ७ ऑगस्ट १९४० रोजी विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून भारताचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि सर्वपल्ली राधाकृष्णन शांतिनिकेतनात गेले आणि तिथेच पदवीदान झाले. कवींकडे नोंदणी शुल्क मागायचे त्यांना सुचले नाही. आपले मानकरी मात्र एसटीने येतात, लॉजचे भाडे स्वतः भरतात आणि हॉलच्या दारात पावती दाखवून आत जातात.

आमच्या महाराष्ट्रातल्या काही मंडळींनाही आपली भेट वेळेवर झाली नाही, याचे वाईट वाटते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुण्या-मुंबईत बसून संस्कृतचा अभ्यास करत राहिले आणि १८८५ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पीएच.डी. दिली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, लोकांचा बहिष्कार सोसला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. बनारस हिंदू विद्यापीठाची डी.लिट. त्यांना मिळाली १९४२ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी. आपण असता तर त्यांचे काम पहिल्याच वर्षी झाले असते, पुढची खटपट वाचली असती.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट तर आपल्या सोहळ्यात व्यासपीठावरून सांगावी अशी आहे, कारण त्यांची तसबीर आपण तिथे हटकून ठेवता. लंडनची डी.एस्सी. त्यांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून मिळवली, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये. ‘डॉक्टर’ हे त्यांनी असे अभ्यासाने कमावले. संविधान लिहून झाल्यावर १९५२ मध्ये त्याच कोलंबियाने त्यांना सन्मानाची एल्‌एल.डी. दिली आणि १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. त्या तसबिरीला हार घालून आपण पाठोपाठ ज्या पदव्या वाटता, त्या वाटताना हात कसा कापत नाही, एवढेच शिकवा आम्हाला.

राहुल द्रविड यांनी तर हद्दच केली. जानेवारी २०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाने, म्हणजे खऱ्याखुऱ्या विद्यापीठाने, देऊ केलेली मानद डॉक्टरेट त्यांनी नम्रपणे नाकारली. क्रीडाक्षेत्रात काही संशोधन करून पदवी मिळवायला आवडेल, असे कळवले. असे लोक वाढले तर आपला धंदा कसा चालायचा?

संसदेचेही आपण ऋणी असाल. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे कलम २२ सांगते की पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे, इतर कुणालाही नाही. आणि कलम २४ सांगते की हे मोडल्यास दंड होईल, जास्तीत जास्त १,००० रुपये. आपल्या एका साध्या डॉक्टरेटमध्ये पंधरा वेळा दंड भरता येतो. कायदा इतका ममताळू असताना आपण पदवीवर सातासमुद्रापलीकडच्या बेटाचा पत्ता का छापता, हे मला उमगलेले नाही.

खऱ्या विद्यापीठाचे छप्पर भाड्याने घ्यायची युक्तीही आपल्याच जातकुळीतल्यांची. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेन्नईत एका खासगी संस्थेने अण्णा विद्यापीठाचे सभागृह मिळवून तिथे चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांना ‘मानद डॉक्टरेट’ वाटल्या. पदवी विद्यापीठाचीच, असा सगळ्यांचा समज झाला. विद्यापीठाने हात झटकले आणि पोलिसांत तक्रार केली. नामवंतांना निदान खुलासा करायला पत्रकार तरी भेटले.

आमच्या गल्लीतल्या शिवणक्लासच्या ताईंना तेही भेटले नाहीत. त्यांच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

आपल्याला त्या आठवणार नाहीत, म्हणून सांगतो. ताईंनी दोन पिढ्यांना शिवण शिकवले. पिको-फॉल, काज-बटण, अस्तराचे ब्लाऊज, शाळेचे गणवेश. नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा मुलीकडून त्यांनी कधी फी घेतली नाही, उलट पहिले मशीन घ्यायला जामीन राहिल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बायकांची दुकाने आज बाजारपेठेत आहेत. या बाईंची दखल सरकारने घेतली नाही, नगरपालिकेने घेतली नाही, आम्ही गल्लीकरांनीही घेतली नाही. आपण घेतलीत. भिशी लागली होती, ती रक्कम त्यांनी आपल्या खात्यावर भरली.

सोहळ्यात त्यांच्या आधी एक बिल्डर होते, मागून एक वास्तुतज्ज्ञ. आपल्या निवेदकाने ताईंचे आडनाव चुकीचे वाचले. मखमली फाइलमधला मजकूर तिघांनाही एकच होता, अक्षर न बदलता. खाली बारीक टाइपात लिहिले होते की ही पदवी शैक्षणिक पात्रता म्हणून ग्राह्य धरू नये. ताईंनी चार ओळींचे भाषण लिहून नेले होते. माइक त्यांच्यापर्यंत आलाच नाही, कागद पर्समध्येच राहिला. गाऊन काढून घ्यायला मात्र आपला माणूस जिन्याशीच उभा होता.

गावात शिष्यिणींनी चौकात फ्लेक्स लावला, ताईंच्या नावामागे ‘डॉ.’ लावून. खरी मानद पदवी मिळाली तरी नावामागे डॉक्टर लावू नये असा संकेत आहे, हे त्या पोरींना कोण सांगणार? शेजारची एक मुलगी पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. तिने आपल्या विद्यापीठाचे नाव शोधले. मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत ते कुठेच नव्हते. तिसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. ताईंनी मला एकच विचारले, ‘म्हणजे मी केलं तेही खोटंच का हो, दादा?’

महोदय, आता आदरार्थी बोलणे पुरे करतो. श्रीमंत माणसाने हौसेने पदवी विकत घेतली तर त्याचे पैसे गेले, त्याचे तो बघेल. तुम्ही ज्यांना फसवता ते बहुतेक वेगळे आहेत. आशा सेविका, भजनी मंडळाचे बुवा, वस्तीशाळेचे गुरुजी, रक्तदान शिबिरे भरवणारी पोरे. सन्मान हे समाजाने त्यांना देणे लागत होते. ते देणे आम्ही थकवले आणि त्या थकबाकीवर तुम्ही दुकान मांडले. ज्याला द्यायचे त्याच्याच खिशातून ते वसूल केले. वर त्यांच्या खऱ्या कामाला खोट्या कागदाचा डाग लावलात.

वाचकहो, असा निरोप तुमच्या फोनवर आला तर दोन गोष्टी करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त आणि बनावट विद्यापीठांची यादी पाहा. आणि सन्मान स्वीकारण्यासाठी एक रुपयाही मागितला तर तिथेच थांबा, कारण सन्मान करणारा सत्कारमूर्तीकडे पैसे मागत नाही. पैसे आधीच गेले असतील तर लाजू नका, पोलिसांत फसवणुकीची तक्रार करा. लाजायचे कुणी, हे उघड आहे.

कुलगुरू महोदय, आपल्याला एवढेच कळवतो की ताईंची तक्रार लिहून झाली आहे आणि पावती, दरपत्रक, मखमली फाइल सगळे जोडले आहे. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी त्यांचा सत्कार ठरला आहे. पदवी देण्याचा अधिकार आम्हाला नाही, म्हणून शाल आणि श्रीफळ. भाषणे त्यांच्या शिष्यिणी करतील, आणि पहिल्यांदा माइक ताईंच्या हातात दिला जाईल. आपणास आग्रहाचे निमंत्रण आहे. नोंदणी शुल्क नाही. येताना फक्त त्यांचे १५,००० रुपये घेऊन या.

आपला,
आपल्या यादीतून नाव वगळण्याची विनंती करणारा
एका तालुका वाचनालयाचा कार्यवाह