हिसाबवाले भाऊजी

सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा... धानपट्ट्यातल्या कुठल्याही गावी तेरवीच्या पंगतीत पत्रावळी मोजणारा एक माणूस असतोच. तेच भाऊजी. सासऱ्यांनी मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून जावयाला सोडून गावातल्या निवृत्त गुरुजींचं नाव घातलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलेलं.

"विश्वास आहे जी तुमच्यावर, गुरुजी. फक्त हिसाब दाखवा."

गुरुजी दाखवतात. धानाची पोती, खरेदी केंद्राची पावती, बोनस, मजुरी, सगळं वहीत. बेरीज जुळली की भाऊजी कासावीस होतात. "घरी खायला धान भरडलं, त्याचा कोंडा कुठं गेला? अन् बांधीतल्या मोहाची फुलं कोणी वेचली?" फुलं वेचणाऱ्यांत भाऊजींचीच लेकरं होती. तो विषय मग पुढच्या बैठकीवर जातो.

मध्यंतरी त्यांना कोणीतरी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 317 सांगितलं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा! चंद्रपूरच्या वकिलानं समजावलं, की हे प्रोबेट घेतलं तर. आणि मुंबईतल्यासारखी प्रोबेटची सक्ती इथल्या हिंदू मृत्युपत्राला नव्हतीच. "मग घ्यायला लावा ना त्यांना!" त्याचा खर्च इस्टेटीतूनच जाणार, आणि तोही तपासायला भाऊजी आहेतच.

कोलकात्याच्या बिर्ला खटल्यानं तर त्यांना बळच आलं. प्रियंवदा बिर्ला 2004 मध्ये वारल्या आणि मृत्युपत्रानं सगळी मालमत्ता सनदी लेखापाल लोढांकडे जाते म्हटल्यावर बिर्ला मंडळी कोर्टात गेली. भाऊजी म्हणतात, "पाहा, मोठ्या घरीही हिसाब मागतात." गुरुजींनी त्यातलं एवढंच लक्षात ठेवलं: लोढा 2008 मध्ये वारले, खटला चालूच राहिला.

भाऊजींचं सगळंच चूक नाही. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका हक्क 2005 मध्ये मिळाला, तरी एका साडीवर हक्कसोड लिहून घेणारे भाऊ आहेतच. तिथं विचारणारा कोणी हवाच. पण जिच्या हिश्शासाठी ही लढाई चालली आहे, त्या ताईंना वही वाचायला अजून कोणी दिलेली नाही. भाऊजींनीही नाही.

दिवाळीनंतर वडसा भागात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. भाऊबंदकीच्या नाटकात, खोट्या आळामुळे घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यासाठी भाऊजी दुपट्ट्यानं डोळे पुसतात. पहाटे नाटक सुटलं की तसेच गुरुजींच्या दारात.

"मामाजींच्या नावानं नाटकाची पावती फाडली म्हणे. कोणत्या खात्यातून जी?"