अर्धं तिकीट

भावंडांपैकी एक जण प्रवास करतो आणि बाकीची भावंडं त्याचं सामान असतात. ही वाटणी कुणी ठरवत नाही, पण घरोघरी झालेली असते. कुठे वेळापत्रक तोंडपाठ असलेला दादा असतो, कुठे प्रत्येक स्टेशनवर पाणी भरायला उतरून घरच्यांचा जीव टांगणीला लावणारा धाकटा असतो. आमच्याकडे ताई आहे. ती निघते आणि आम्ही नेले जातो. गाडीतून उतरल्यावर ती मोठ्याने नग मोजायची, “तीन पिशव्या, एक वळकटी, दोन भाऊ. सहा.” आमचा नंबर वळकटीनंतर.

मे महिन्यात आम्ही पुण्याहून चिपळूणला मामाकडे जायचो. कऱ्हाडला एसटी बदलायची. प्रवास एका दिवसाचा, पण ताईची तयारी काशीयात्रेची. दशम्या दुधातच भिजवायच्या, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, म्हणजे टिकतात, हे आजीचं शास्त्र तिने फार लवकर उचललं होतं. सोबत शेंगदाण्याची चटणी, लिंबं, आवळासुपारी, सुतळी आणि मेणबत्ती. “सुतळी कशाला?” असं बाबांनी विचारलं की ती म्हणायची, “लागते.” आणि एकदा खरंच लागली. टपावरची कुणाची तरी ट्रंक सुटायला आली, कंडक्टर दोरी शोधू लागला, तेव्हा ताईने पिशवीतून सुतळी काढून दिली. ती अशा थाटात, की महामंडळानेच हिला त्या कामावर नेमलं असावं. पुढच्या स्टँडवर तिने ती परतही मागून घेतली.

स्वारगेटला गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. ताईचा रुमालावर विश्वास नव्हता. “रुमाल कुणीही उचलून बाजूला ठेवतं. रडकं पोर कोण उचलणार?” असं म्हणून ती मला खिडकीतून आत ढकलायची. रडायचं कसं, ते वेगळं शिकवावं लागत नसे. मी आत पालथा पडायचो आणि पुढचं आपोआप होत असे. मात्र ताईची आवडती जागा आमदारांसाठी राखीव असलेली. वर तशी पाटी रंगवलेली असायची. कुणी हटकलं तर ती सांगे, “आमदार आले की उठेन. माझं एक कामही आहे त्यांच्याकडे.”

मग चिमट्याची टिकटिक करत कंडक्टर यायचा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. ताईची उंची बाराव्या वर्षानंतर कुणाला न विचारता वाढत गेली, पण वय हलायला तयार नव्हतं. “वय?” कंडक्टर विचारायचा. “अकरा,” ताई त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायची. आई खिडकीबाहेर बघायची. बाबा पेपरात तोंड घालायचे. एकदा एका कंडक्टरने उलटतपासणी घेतली, “गेल्या वर्षी किती होतं?” “गेल्या वर्षी तुम्ही नव्हता,” ताई म्हणाली. तो इतका हसला की पुढच्या माणसाला सुटे पैसे द्यायचे विसरला.

सातारा मागे पडला की तिचं इतिहासदर्शन सुरू व्हायचं. दिसेल त्या डोंगराला ती किल्ल्याचं नाव देऊन टाकायची. एकदा तळबीडच्या आसपास तिने बोट दाखवून जाहीर केलं, “तो बघा सज्जनगड!” अर्धी गाडी वाकून बघू लागली. पुढच्या बाकावरचे पटकेवाले आजोबा वळले. “सज्जनगड कवाच मागं गेला, पोरी. ह्यो वसंतगड.” आपण असतो तर पायाखाली शोधत बसलो असतो. ताई आमच्याकडे वळून म्हणाली, “बघा, मी सांगत नव्हते, जाणत्या माणसाला विचारा म्हणून!” कऱ्हाड येईपर्यंत आजोबांनी दोन दशम्या खाल्ल्या आणि नातीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. ताईने तिथल्या तिथे मुलाला शेती किती आहे, याची चौकशी केली.

कोयनानगर आलं की ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप यायचा. ताई आवाज खाली आणून तो असा सांगायची की धाकटा माझा हात घट्ट धरून बसे. मग तीच धीर देई, “घाबरू नका. एसटीत बसलेल्याला भूकंप कळतच नाही.” खिडक्यांच्या काचा, बाकांचे नटबोल्ट आणि आमचे दात एका तालात वाजत असताना यावर अविश्वास दाखवायला जागाच नसे.

त्यानंतर कुंभार्ली घाट. मला गाडी लागायची. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर माझा चेहरा पाहून ताई उठायची आणि ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, “गाडी थांबवा, मला मळमळतंय!” तिला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. ती पोटाला हात लावून पुढे उतरायची, मी तिला सोबत म्हणून मागोमाग जायचो आणि आडोशाला जे व्हायचं ते माझं व्हायचं. परत येताना बायका तिला लिंबू हुंगायला देत. ते ती निमूट हुंगायची, आणि पुढच्या बाकावरचा माझ्या वर्गातला मुलगा तिच्याकडे बघून हसायचा.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आम्ही चिपळूणहून गोव्यापर्यंत जाऊ लागलो. करबुड्याचा बोगदा आला की ताई डब्याला सांगायची, “साडेसहा किलोमीटर! देशात सगळ्यात लांब!” जणू एक बाजू हिनेच खणली होती. २०१३ मध्ये काश्मिरात पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, तेव्हा मी मुद्दाम फोन केला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, “तिकडे डोंगरच मोठे आहेत. त्यात खणणाऱ्याचं काय कौतुक?”

आता आमच्याकडे मोटारी आहेत, रस्ते दाखवणारे फोन आहेत. तरी चिपळूणला जायचं म्हटलं की ताई एसटीच धरते, आणि आम्ही दोघे भाऊ, केस पिकलेले, मुकाट तिच्यामागे चढतो. मोटारीने गेलं तर पोचतो लवकर, पण वाटेत कुणाच्या नातीचं लग्न ठरल्याचं कळत नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं. त्यानंतरच्याच एका फेरीत तरुण कंडक्टर मशीन घेऊन आला आणि त्याने न विचारता ताईचं अर्धं तिकीट फाडून दिलं. ताई तिकिटाकडे बघत राहिली.

“वय नाही विचारलंत?”

“आता लागत नाही, मावशी. बायकांना सरसकट अर्धं.”

“तरी विचारा की.”

मागे माणसं खोळंबली होती. पोरगं सालस होतं. “बरं, किती वय?”

“अकरा.”

त्याने ताईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मग पंचाईत आहे. दोन सवलती एकदम मिळत नाहीत. कुठली देऊ?”

“बायकांची द्या,” ताई म्हणाली. “दुसरी वर्षभरात संपेल.”