उभ्या गाडीचे भाडे: नागपूरच्या ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंना खुले पत्र

प्रति,
समस्त ट्रॅव्हल्सवाले भाऊ,
सीताबर्डी, सदर, मनीषनगर आणि उर्वरित नागपूर



दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपली कोटेशने घरोघरच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. वर ठळक अक्षरांत ‘फक्त १२ रुपये किलोमीटर’. ते वाचून चौघांचे कुटुंब हरखते, नकाशा उघडते, छिंदवाडा-पचमढी-जबलपूर असा बेत आखते आणि सहल खिशाला झेपते असे ठरवून मोकळे होते. मग कुणाचे तरी लक्ष खालच्या बारीक ओळींकडे जाते. रोज किमान ३०० किलोमीटर. टोल-पार्किंग वेगळे. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. स्टेट टॅक्स वेगळा. किलोमीटर गॅरेज ते गॅरेज. भाऊ, आपल्या संयमाचे कौतुक करावे तेवढे थोडे. इंधन आणि टायर या दोन गोष्टी आपण मोठ्या मनाने भाड्यातच धरल्या!

बाकीच्या ओळींवरचे भांडण किरकोळ आहे. गाडी हिंगण्याहून निघून बर्डीवर येते त्याचे पैसे गिऱ्हाइकाने काहून द्यायचे, हे एकदा सांगून टाका. अखिल भारतीय पर्यटक परवान्याचे एकरकमी शुल्क २०२१ पासून लागू झाले. तो परवाना असेल तर दुसऱ्या राज्याचा कर वेगळा मागू नका, नसेल तर तसे आधी सांगा. हे झाले. खरा काटा पहिल्याच अटीत आहे, तो रोजच्या किमान ३०० किलोमीटरचा.

हिशेब मांडू. नागपूर ते पचमढी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिथून पिपरिया, नरसिंहपूर, भेडाघाट करत जबलपूरही साधारण तेवढेच. सिवनीमार्गे परत यायला पावणेतीनशे. गावातले येणेजाणे धरून एकूण ८०० म्हणू. पाच दिवसांची सहल, म्हणून आपले बिल १,५०० किलोमीटरचे, म्हणजे १८,००० रुपये. धावलेल्या किलोमीटरला भागून पाहा, साडेबावीस रुपये पडतात. वर पचमढीत धूपगड आणि बी फॉलकडे बाहेरच्या गाडीला मज्जाव, वनविभागाची परवानगी असलेली जिप्सीच करावी लागते. म्हणजे दोन दिवस आपली गाडी हॉटेलच्या अंगणात ऊन खात उभी, आणि गिऱ्हाईक दोन गाड्यांचे भाडे भरत एकीत बसलेले. ताडोब्यातही हेच. सफारी जिप्सीतून, आणि आपली गाडी मोहर्ली गेटबाहेर मनातल्या मनात ३०० किलोमीटर धावते. सावजीच्या खानावळीत दोघे जेवले आणि मालकाने चौघांचे बिल लावले, तर तर्रीच्या आधी गिऱ्हाईक पेटेल. आपल्या धंद्यात मात्र याला ‘मार्केटचा नियम’ म्हणतात.

या नियमाचा खरा बळी पैसा नाही, मुक्काम आहे. छत्रपती संभाजीनगरला राहून वेरूळ पाहणाऱ्याची गाडी दिवसात जेमतेम साठ किलोमीटर चालते, कारण लेणी वीस मिनिटांत उरकण्यासाठी कोरलेली नाहीत. त्याचे बिल तीनशेचे. शेजारच्या गाडीतले लोक त्याच दिवशी वेरूळ, देवगिरी आणि शिर्डी एका दमात शिवून येतात. त्यांचेही बिल जवळपास तेवढेच. म्हणजे आपले दरपत्रक नीट पाहणाऱ्याकडून दंड घेते आणि धावत सुटणाऱ्याला सूट देते. मग माणसे काय करतात? तीनशे किलोमीटर ‘वसूल’ करतात. पचमढीतला एक दिवस कापतात, ‘आलोच आहोत तर’ म्हणून अमरकंटक घुसवतात, आणि ड्रायव्हरला पहाटे उठवून रात्री अकरापर्यंत चालवायला लावतात. स्वस्त सहलीच्या नावाखाली थकलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग जाते ते असे.

आता आपले उत्तर ऐकू येते आहे, आणि ते खोटे नाही. गाडी उभी राहते, बँकेचा हप्ता उभा राहत नाही. विमा, परवाना, ड्रायव्हरचा पगार रोजचाच. पचमढीत उभी असलेली गाडी त्या दिवशी नागपुरात दुसरे भाडे मारू शकत नाही. सगळे मान्य. पण भाऊ, हा युक्तिवाद दिवसाच्या भाड्याचा आहे, किलोमीटरच्या भाड्याचा नाही. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर असे धरा, तर किलोमीटरला सात रुपये इंधन. न धावलेल्या ७०० किलोमीटरचे आपण घेता ८,४०० रुपये, आणि त्यातले ४,९०० कधीच न जळलेल्या पेट्रोलचे. हप्ता बँकेला द्यावा लागतो हे समजले. हे पेट्रोल कोणत्या पंपाला द्यावे लागते?

वेगळा उपाय शोधायची गरजच नाही, तो आपल्याच दरपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेला आहे. शहरातल्या लग्नासाठी हीच गाडी, हाच ड्रायव्हर आपण ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या बोलीवर देता. वेळेचे पैसे, आणि जास्त धावली तर वरच्या किलोमीटरचे पैसे. कोराडीचा नाका ओलांडला की हे शहाणपण कुठे गळून पडते? बाहेरगावासाठी दिवसाचे २,००० आणि किलोमीटरला १० रुपये असा दर लावून बघा. पाच दिवसांचे १०,००० आणि ८०० किलोमीटरचे ८,०००, बेरीज पुन्हा १८,०००. आपला एक रुपया बुडाला नाही. बदलले एवढेच की पचमढीतला जादा दिवस आज ३,६०० ला पडतो, तो २,००० ला पडेल, आणि माणसे तो आनंदाने घेतील. दिवसाला ५०० किलोमीटर पळवणाऱ्याला मात्र ६,००० ऐवजी ७,००० मोजावे लागतील. मोजू देत. पेट्रोल, टायर आणि ड्रायव्हरची झोप तोच जाळतो. आज त्याचा खर्च शांतपणे फिरणाऱ्याच्या खिशातून निघतो.

‘एवढे होते तर स्वतः चालवायची गाडी घ्या’ असेही आपण ऐकवाल. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेने अशा गाड्या भाड्याने देण्याच्या परवान्यासाठी निदान ५० गाड्यांची अट घातली. दोन-चार गाड्यांचा नागपूरकर मालक तिथेच बाद झाला आणि धंदा मोठ्यांच्या हाती राहिला. जे उरले ते पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘मित्राची आहे म्हणून सांगा’ अशा बोलीवर देतात. अपघात झाला की मित्रही गायब आणि विमाही. एसटीने जावे, तर महाराष्ट्रात महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, जरूर जावे. पण चार ठिकाणी उतरत, म्हातारी माणसे आणि सामान घेऊन फिरायचे तर एसटी पुरत नाही. पर्याय वाईट आहेत, एवढ्याने आपला दर चांगला ठरत नाही.

आणि इथे, भाऊ, थोडा वेळ आपल्या बाजूने रागावू द्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. नाक्याला पंधरा रुपये पडले. पण तो फक्त खासगी गाड्यांना. ज्याच्या दारात स्वतःची गाडी आहे तो पंधरा रुपयांत निघून जातो. ज्याची ऐपत नाही म्हणून जो वर्षातून एकदा भाड्याची गाडी करतो, त्याच्या माथी पूर्ण टोल. सवलत कुणाला द्यायची हे ठरवताना पिवळ्या पाटीच्या मागच्या सीटवर कोण बसते, हा प्रश्न कुणालाच पडला नाही? पेंचच्या जंगलात महामार्गाखालून वाघांना मोकळी वाट करून दिली, उत्तम केले. वरून जाणाऱ्या गरिबाचाही कधी विचार व्हावा. आणि आपला ड्रायव्हर? अनेक हॉटेलांत त्याला खोली नसते. पचमढीच्या थंडीत तो सीट मागे करून गाडीतच पडतो, आणि आपल्या बिलात त्याच्या रात्रीचा भत्ता मात्र चोख लागतो. गिऱ्हाइकाला वाटते, आपण त्याच्या अंथरुणाचे पैसे दिले. ते अंथरूण त्याच्यापर्यंत पोचते का, हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

हप्ता आपल्याही मानेवर आहे आणि सरकारचा टोलही, हे दिसते. म्हणून स्वस्त करा अशी मागणी नाहीच. खरे लिहा, एवढीच आहे. पुढच्या कोटेशनवर तीन ओळी पुरेत: दिवसाचे इतके, धावलेल्या किलोमीटरचे इतके, टोल पावतीप्रमाणे. भत्त्याची चौथी ओळ घालायचीच असेल, तर तिच्यापुढे ड्रायव्हरची सही घ्या. नागपुरातल्या एका मालकाने जरी हे छापले, तरी बाकीच्यांना ‘फक्त १२ रुपये’ या ओळीचा खुलासा करत बसावे लागेल, आणि त्या मालकाचा फोन सुट्टीभर खणखणत राहील.

कळावे,
आपले नेहमीचे गिऱ्हाईक