खांद्याचे चार खांदेकरी

जबाबदारी टाकायची म्हटली की आपल्याला खांदा आठवतो. कर्त्या मुलाच्या खांद्यावर घर, पुढाऱ्याच्या खांद्यावर पक्ष आणि बंदूक नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर. प्रत्यक्षात शरीरात याच्याइतका सैल सांधा दुसरा नाही. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत घट्ट बसलेला असतो. खांद्याचा प्रकार बशीवर लिंबू ठेवल्यासारखा. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी वाटीला टेकलेला असतो. फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, तर पाठीवर स्नायूंच्या भरवशावरच सरकत असतो. हा सगळा डोलारा धडाला हाडानं जोडला आहे तो एकाच ठिकाणी, छातीच्या मधल्या हाडाशी, आणि तोही कॉलरबोनच्या टोकानं.

इतका ढिलेपणा कशासाठी? हात चौफेर फिरावा म्हणून. बाजूनं हात डोक्यावर सरळ नेताना १८० अंशांपैकी साधारण १२० अंश गोळा फिरतो आणि उरलेले ६० फरा सरकून भरून काढतो. बदल्यात स्थैर्य जातं. ते सांभाळायला फऱ्यापासून निघालेले चार स्नायू गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. आपण खांदेकरी म्हणायला हरकत नाही, संख्याही तीच आहे.

नवी मुंबईतल्या घणसोली गावाला खांद्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ठाणे-बेलापूर रस्ता आणि खाडी यांच्यामधलं हे आगरी-कोळी गाव. डोक्यावर मासळीची पाटी आणि ती धरायला वर गेलेला हात, खांद्यावर जाळं, नाहीतर भाताचा भारा, सणाला देवाची पालखी. १९७० मध्ये शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, पुढे शेतं गेली आणि सेक्टर आले. तरी खांदे काही रिकामे राहिले नाहीत. गोकुळाष्टमी आहेच.

दहीहंडीत पायाला उभं राहणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही, कॅमेरे सगळ्यात वरच्या एक्क्यावर असतात. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला, तेव्हाही आठ थरांचं वजन खाली कुणाच्या तरी खांद्यांवरच होतं. बरं, त्या खांद्यातलं कॉलरबोन हे मोठं गमतीचं हाड. गर्भात हाड बनायला सगळ्यात आधी सुरुवात याची आणि काम पुरं होतं पंचविशीच्या आसपास, सगळ्यात शेवटी. म्हणजे विशीतला गोविंदा बांधकाम अपुरं असलेल्या हाडावर थर पेलत असतो. नवी मुंबईत याचं कुणाला आश्चर्य वाटू नये.

थर कोसळला की माणूस खांद्यावर नाहीतर पसरलेल्या हातावर पडतो. मग कॉलरबोन मोडतं, किंवा गोळा वाटीतून निसटतो आणि बहुतेक वेळा पुढच्याच बाजूला. २०२२ मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांचा विमाही आला. आमच्या आळीतल्या मावशींना मात्र हे पटलं नाही. "खेळ कसला, देवाचं काम हाय," म्हणाल्या. देवाच्या कामात हाड मोडलं तर प्लास्टर कुणी घालायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

गंमत अशी की जन्मभर पाट्या वाहिलेल्या या मावशींचा खांदा तेव्हा कुरकुरला नाही. पाटी उतरली, मासळी टेम्पोतून यायला लागली आणि मग एक दिवस अंबाड्यात गजरा माळायला हात वर जाईना. पडणं नाही, मार नाही. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं. चाळिशी ते साठीत, बायकांना अधिक आणि मधुमेह असेल तर आणखी अधिक. कारण पुष्कळदा सापडतच नाही. आधी दुखतं, मग आखडतं, मग हळूहळू सुटतं आणि या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात. मावशी आता भिंतीवर बोटं चालवत रोज थोडा थोडा हात वर नेतात. भिंतीवर कालच्या जागी खडूची खूण असते. ती पार झाली की शेजारणीला हाक जाते.

मला वाटतं, खांद्याची थोरवी ताकदीत नाहीच. चौघांनी धरलं म्हणून तो टिकतो आणि पायाच्या माणसाला आजूबाजूच्यांनी धरलं म्हणून थर टिकतात. एकट्याच्या खांद्यावर सगळं टाकणाऱ्या घरांनी आणि पक्षांनी हे एकदा बघावं.

बाकी दोन गोष्टी लक्षात ठेवा. खांदा निखळला तर कुणालाही तो ओढून बसवू देऊ नका, हात झोळीत बांधून आधी एक्स-रे काढा. आणि दुखत नसेल तर दिवसातून एकदा तरी हात डोक्यावर न्या. चौघांनी आपल्याला खांदा द्यायला अजून वेळ आहे, तोवर आपला आपण फिरवलेला बरा.