न लिहिलेल्या एका ओळीबद्दल

जेन्किन्स या बिल्ड सर्व्हरसाठी प्लगइन काढून ते विसरून गेलेल्या कंपन्यांच्या चालकांस,



तुमच्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये ‘टेस्ट कनेक्शन’ हे बटण आहे. सर्व्हरचा पत्ता टाकायचा, साठवलेला पासवर्ड यादीतून निवडायचा आणि बटण दाबायचं, की जोडणी होते की नाही ते कळतं. ते पान फक्त ॲडमिनला दिसतं. म्हणून बटणामागच्या मेथडमध्ये, समोरच्याला हे करायची परवानगी आहे का, हे विचारायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत. बटण दिसत नाही म्हणजे कोणी दाबणार नाही, एवढाच तुमचा विचार. पण जेन्किन्सच्या पोटातलं स्टेपलर हे वेब फ्रेमवर्क अशा मेथडना स्वतःचा यूआरएल देतं. पान न उघडता तो थेट मागवता येतो. जेन्किन्सचं प्लगइन लिहायला बसलेल्या माणसाला हे माहीत असायलाच हवं.

आता तो यूआरएल कोण मागवू शकतं ते पाहा. ‘ओव्हरऑल/रीड’ ही जेन्किन्समधली सर्वांत खालची परवानगी, नुसती आत येण्यापुरती. ती इंटर्नला असते, टेस्टरला असते, बाहेरून आलेल्या कंत्राटी माणसालाही असते. काही ठिकाणी तर लॉगिन न केलेल्यालाही दिलेली असते. असा कोणीही तुमच्या मेथडला पत्ता देतो स्वतःच्या सर्व्हरचा आणि आयडी देतो दुसऱ्याच्या पासवर्डचा. तो आयडी त्याला मिळाला कुठून? तुमच्याकडूनच. पासवर्डची यादी भरणाऱ्या मेथडमध्येही तुम्ही परवानगी तपासलेली नाही. जेन्किन्सने एन्क्रिप्ट करून ठेवलेला पासवर्ड तुमचं प्लगइन स्वतःच्या हाताने उघडतं आणि त्या माणसाच्या सर्व्हरवर पोचवतं. चोराला कुलूप फोडावं लागत नाही, किल्ली तुम्ही घरपोच देता.

आणि ही किल्ली साधी नाही. बिल्ड सर्व्हरवर कोडच्या रेपॉझिटरीचे टोकन असतात, क्लाउड खात्याच्या चाव्या असतात, प्रॉडक्शनवर डिप्लॉय करण्याचे अधिकार असतात. बिल्डमध्ये कोणी शिरलं की काय होतं, ते २०२० साली सोलरविंड्स या कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिलं. ओरायन या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या बिल्डमध्येच घातक कोड घुसवला गेला आणि रीतसर सही झालेल्या अपडेटमधून तो हजारो ग्राहकांपर्यंत गेला. तो घाव जेन्किन्सच्या प्लगइनमधून आला नव्हता. पण बिल्ड सर्व्हर ही किती नाजूक जागा आहे, हे त्यानंतर तरी तुम्हाला कळायला हवं होतं.

दुरुस्ती केवढी? मेथडच्या सुरुवातीला ‘चेकपरमिशन’ची एक ओळ. शिवाय विनंती फक्त पोस्टनेच यावी, असं सांगणारं एक ॲनोटेशन. ते नसेल तर लॉगिन असलेल्या ॲडमिनने एखाद्या फसव्या दुव्यावर क्लिक केलं तरी तेच काम होतं. दोन्ही गोष्टी जेन्किन्सच्या प्लगइन लिहिणाऱ्यांसाठीच्या कागदपत्रांत उदाहरणासह दिलेल्या आहेत. तरीही जेन्किन्सच्या सुरक्षा सूचनांमध्ये वर्षानुवर्षं तीच चूक, फक्त प्लगइनचं नाव वेगळं. आणि त्यातल्या कितीतरी नोंदींखाली एक वाक्य असतं: ही सूचना प्रसिद्ध होईपर्यंत दुरुस्ती उपलब्ध नाही.

नोकरी सांभाळून फावल्या वेळात फुकट प्लगइन चालवणाऱ्यांना हे पत्र नाही. त्यांच्यातले अनेक जण कळवल्याबरोबर दुरुस्ती करतात. ज्यांना जमत नाही ते प्लगइन दत्तक द्यायचं आहे असं जाहीर करतात. तुमचं तसं नाही. तुम्ही उत्पादन विकता, प्लगइनवर तुमच्या कंपनीचं नाव आहे, पगारी इंजिनिअर आहेत. जेन्किन्सच्या पानावर तुमच्या प्लगइनचा लाल इशारा उमटतो तेव्हा तुमचं काही अडत नाही, अडतं आमचं. प्लगइन काढावं तर त्यावर बांधलेल्या पाइपलाइन बंद पडतात, ठेवावं तर पासवर्ड उघडे राहतात.

तेव्हा या आठवड्यात एक माणूस बसवा. ‘डू’ने सुरू होणारी प्रत्येक मेथड त्याला उघडायला लावा, ती ओळ घालून नवी आवृत्ती काढा. तेही करायचं नसेल तर प्लगइन दत्तक द्या, म्हणजे दुसरं कोणीतरी ती ओळ लिहील.

तुमचं प्लगइन अजून चालवावं लागणारी,
एक बिल्ड ॲडमिन